कुफ्याचे रहाळकर

रहाळकर स्वस्थ बसलेले मी एकाच वर्षी पाहिले, आणि मला चक्क भीती वाटली. एरवी हा माणूस बसायचाच नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, फोन तर येरझाऱ्या घालत. दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ते आणि चौथ्यावर आम्ही. लिफ्टची वाट बघणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. जिना उतरता उतरता वाक्य सुरू करायचे आणि रस्ता ओलांडून झाल्यावर ते पुरं करायचे, मग ऐकणारा मागे राहिला तरी चालेल. त्यांच्या पत्नी शैलाताई म्हणायच्या, "यांच्या पायाला भिंगरी आहे हे लग्नाआधी सांगितलं होतं. तोंडालाही आहे हे लपवून ठेवलं."

रहाळकर आणि मी एकाच ऑफिसात होतो. बर दुबईतलं कायदेशीर भाषांतराचं ऑफिस. कोणाचा जन्मदाखला, कोणाची डिग्री, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट, सगळं इंग्रजीतून अरबीत करायचं आणि शिक्का मारून द्यायचं. मी अकाउंट्सला. रहाळकर इंग्रजी बाजू बघायचे. अरबी बाजू तपासायला उस्ताद नाजी होते, इराकमधल्या बसऱ्याचे. उंच, वाकलेले, बारा महिने स्वेटर घालणारे. आता स्वेटर दुबईत कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एसीसाठी. दुबईतला हिवाळा ऑफिसात असतो."

रहाळकर पुण्याहून आले तेव्हा कॉलेजातलं संस्कृत व्याकरण तेवढं बरोबर घेऊन आले होते. अरबी ते इथं येऊन शिकले. न्हाव्याकडे शिकले, टॅक्सीत शिकले, दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत शिकले. आमच्या इथल्या मराठी मंडळातले लोक हसायचे. "काय हो रहाळकर, अरबी व्याकरणाचा फायदा काय?" तर हे विचारायचे, "तुम्ही शुक्रवारी पत्ते खेळता, त्याचा काय?" आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. उस्तादांनी एक दिवस रहाळकरांच्या अरबी वाक्यावर लाल रेघ मारली. रहाळकर कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. "का?"

"असंच असतं."

"पण का असतं?"

उस्तादांनी चष्मा काढला. या ऑफिसात त्यांना 'का' विचारणारा पहिलाच माणूस भेटला असावा. ते म्हणाले, "यात दोन मतं आहेत. बसऱ्याचे पंडित एक म्हणतात, कुफ्याचे पंडित दुसरं."

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी बसऱ्याचा. जन्मानं पण आणि मतानं पण."

"मग मी कुफ्याचा," रहाळकर म्हणाले. खलास. कुफा कुठे आहे हे त्यांनी त्या संध्याकाळी लेकीच्या शाळेच्या नकाशात बघितलं. पण समोरची खुर्ची रिकामी होती, आणि रिकामी खुर्ची या माणसाला बघवत नसे. त्या दिवसापासून उस्ताद त्यांना नावानं हाक मारेनात. "या कूफी!" अशीच हाक. म्हणजे, अरे कुफ्याच्या माणसा.

आता मला व्याकरणातलं ओ की ठो कळत नाही, पण दहा वर्षं शेजारच्या टेबलाशी बसून जे कानावर पडलं ते सांगते. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इराकमध्ये या दोन गावांत अरबी व्याकरणाचे दोन पंथ होते. बसऱ्याचे लोक नियमाचे पक्के. कुफ्याचे म्हणायचे, वाळवंटातला एक माणूस जरी तसं बोलत असेल तरी ते बरोबर, नियम मागून बघू. यावर त्यांनी पिढ्यानपिढ्या घालवल्या. मेजवान्या बिघडवल्या, नाती तोडली. आणि आमच्या ऑफिसात फॅक्स मशीनच्या बाजूला ते भांडण अजून चालूच होतं. रोज दोन वाजता, जेवणानंतर. नुसता "ला, ला!" चा गजर. 'ला' म्हणजे नाही. उस्ताद 'ला' म्हणताना बोट वर करायचे आणि रहाळकर 'ला' म्हणताना टाचा.

त्यांचा सगळ्यात आवडता तंटा एकच होता. वाक्यात दोन क्रियापदं आली आणि दोघांना मिळून नाम एकच, तर ते नाम कोणाचं? कुफा म्हणतं पहिल्याचं, त्यानं आधी हाक मारली. बसरा म्हणतं दुसऱ्याचं, ते जवळ आहे. गल्फमधल्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. आम्हाला प्रत्येकाला आधी हाक मारलेलं एक गाव होतंच, आणि जवळ दुबई होती. रहाळकर दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी पुण्याला परत. शैलाताई दर वर्षी "बरं" म्हणून नवे पडदे शिवायच्या.

या भांडणाचा एक कायदा होता, तो उस्तादांनी घातलेला. म्हणाले, जुन्या पंडितांची हीच रीत होती. आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती इतकी नीट मांडायची की त्यानं म्हटलं पाहिजे, हो, हेच माझं म्हणणं. मगच आपलं 'ला' काढायचं. रहाळकरांनी बसऱ्याची बाजू मांडली आणि उस्ताद म्हणाले, "नाही, आम्ही असं म्हणत नाही," की पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी आख्खा लंच ब्रेक बसऱ्याची बाजू मांडण्यातच जायचा. कुफ्याला बोलायला मिळायचंच नाही, आणि रहाळकर फणफणत कामाला लागायचे.

ही रीत त्यांनी घरी आणली, मंडळात आणली, सगळीकडे आणली. मंडळात एकदा दिवाळीच्या कार्यक्रमावरून दोन तट पडले. नाटक करायचं की गाण्यांचा कार्यक्रम. रहाळकरांनी नाटकवाल्यांना गाण्याची बाजू मांडायला लावली आणि गाणंवाल्यांना नाटकाची. तासाभरानं नाटकवाले गाण्याच्या बाजूचे झाले आणि गाणंवाले नाटकाच्या! भांडण जिथल्या तिथं, फक्त खुर्च्या बदललेल्या. सेक्रेटरी कपाळाला हात लावून म्हणाले, "रहाळकर, यू प्लीज पुढच्या मीटिंगला येऊ नका." यांना त्याचं काही नाही. म्हणाले, "पण आता दोघांना दोन्ही कळलं ना?" ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ते पुन्हा पुन्हा नापास व्हायचे, तेही याच पायी. परीक्षकानं नापास केलं की हे त्याला अरबीत सांगायचे, "आधी तुमची बाजू मांडतो." शेवटी माणसानं लायसन्सचा नाद सोडला, आणि सगळीकडे मी त्यांना माझ्या गाडीतून न्यायची. घरात त्यांची लेक मैत्रिणीकडे राहायला जायला परवानगी मागायची तेव्हा आधीच बजावायची, "बाबा, फर्स्ट से माय साइड. देन यू कॅन से नो." आणि हे खरंच मांडायचे तिची बाजू, इतकी छान की शेवटी 'नो' म्हणायला तोंडच उरायचं नाही.

उस्ताद एक गोष्ट मात्र वर्षातून एकदाच सांगायचे, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. बसऱ्याचा एक तरुण पंडित होता. अरब नव्हताच, इराणी होता, पण अरबी व्याकरणात त्याच्यासारखा कोणी नाही. त्याला बगदादच्या दरबारात बोलावलं आणि कुफ्याच्या बड्या पंडिताशी वाद लावला. आता कोणाचं बरोबर हे कोण ठरवणार? तर दाराशी उभे असलेले वाळवंटातले बदू, कारण शुद्ध अरबी त्यांची. ते आत आले आणि म्हणाले, कुफा बरोबर. लोक म्हणतात त्यांना आधीच पढवून ठेवलं होतं. तो तरुण खाली मान घालून गेला, आणि पुन्हा उभा राहिला नाही. त्या दुःखानंच गेला म्हणतात.

"तुमच्या लोकांनी केलं हे, या कूफी," उस्ताद म्हणायचे. बाराशे वर्षांपूर्वीचा तो मुलगा जसा त्यांच्याच आळीतला. आणि आमचे पुण्याचे रहाळकर, ज्यांचा कुफ्याशी काडीचा संबंध नाही, ते खरोखरच ओशाळून म्हणायचे, "झालं ते चूकच झालं."

मग दोन हजार तीन साल आलं. त्या वसंतात उस्तादांच्या गावावर युद्ध आलं. ऑफिसातल्या टीव्हीवर बसरा दिसायचं, धुरात. उस्तादांची बहीण तिथे होती. ते सकाळपासून फोन लावायचे आणि तो नुसता वाजत राहायचा. पुढे तर वाजेनासाही झाला. रोजचे दोन वाजायचे, रहाळकर खुर्ची ओढून जायचे, आणि उस्ताद सगळ्याला "हं" म्हणायचे. नुसतं "हं."

एक दिवस रहाळकरांनी मुद्दाम काहीतरी भयंकर विधान केलं. कुफ्याच्या सुद्धा कोणी केलं नसेल असं. उस्ताद खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हो, असेल."

रहाळकर माझ्या टेबलाशी आले. चेहरा पांढराफटक. "मंजिरी, तो 'असेल' म्हणाला."

"अहो काका, त्यांची मनःस्थिती तर बघा."

"अगं तेच! दहा वर्षांत हा माणूस मला कधी 'असेल' म्हणाला नाही." त्या दिवशी ते ऑफिसात इतक्या फेऱ्या मारत होते की पानं उडू नयेत म्हणून मी फाइलींवर स्टेपलर ठेवले.

मे महिन्यात ते म्हणाले, "शुक्रवारी गाडी काढ. अल ऐनच्या रस्त्याला जायचंय. साक्षीदाराला विचारून त्या दोन क्रियापदांचा एकदाचा सोक्षमोक्ष लावतो." साक्षीदार म्हणजे सालिम. हे वाळवंटातले म्हातारे गृहस्थ जमिनीच्या कागदांसाठी आमच्या ऑफिसात यायचे, आणि काम होईपर्यंत जुनी कवनं म्हणून दाखवायचे. उस्तादांना त्यांची भाषा फार आवडायची. तरीही उस्ताद म्हणाले, "ते जुने बदू आता राहिले नाहीत." पण आले. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो त्यांच्यात नव्हता.

रस्त्यावर वाळू वाहत होती. रहाळकर पुढच्या सीटवर चुळबुळत अखंड बोलत होते, उस्ताद मागे डोळे मिटून. सालिमच्या वाडीत खजुराची झाडं, सावलीत गालिचे घातलेले. त्यांनी कॉफीच्या इवल्याशा कपांनी स्वागत केलं. रहाळकरांनी व्याकरण काढलंच नाही. मलाही कळेल अशा सोप्या अरबीत शांतपणे विचारलं, "दोन तंबूंनी एकाच पाहुण्याला हाक मारली. एकानं आधी, पण लांबून. दुसऱ्यानं मागून, पण जवळून. पाहुणा कोणाचा?"

"जवळच्याचा," सालिम ताबडतोब म्हणाले. आणि त्यांनी कारणं दिली. एक, दोन, तीन. धडाधड.

काय सांगू, उस्तादांचा चेहरा! कित्येक महिन्यांनी त्या माणसाच्या डोळ्यांत जीव आला. त्यांनी मांडीवर थाप मारली. "या कूफी! ऐकलंस? जवळच्याचा! बाराशे वर्षांनी बसऱ्याला न्याय मिळाला!" ते हसत होते, खोकत होते, पुन्हा हसत होते. रहाळकरांनी पडलेलं तोंड इतकं झकास केलं होतं की माझासुद्धा विश्वास बसला. मला तर त्यांची दया आली.

मग सालिम उठले आणि आतून ताट घेऊन आले. ताटात आंब्याच्या फोडी, सालीसकट. केशरी. वास आला आणि मी ओळखलं. उस्तादांनी एक फोड उचलली, चाखली, आणि त्यांचा हात थांबला. दर मे महिन्यात त्यांच्या घरी रहाळकरांकडून हापूसची पेटी जायची. ती चव त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"तुमच्या मित्रानं आणले," सालिम कौतुकानं म्हणाले. "मागच्या आठवड्यात एका फळवाल्याच्या पिकअपमधून आला. फार भला माणूस. उत्तर शिकवायला किती कष्ट घेतले त्यानं! मी पडलो म्हातारा, तिसरं कारण सारखं विसरायचो."

आणि हसले. लहान मुलासारखे निर्मळ. त्यांच्या मते त्यांनी पाहुण्याचं गुणगान केलं होतं.

उस्तादांनी हातातली फोड संपवली, कारण यजमानाच्या ताटातलं टाकायचं नसतं. हात धुतले, सालिमच्या खांद्याला खांदा लावून निरोप घेतला आणि गाडीत येऊन बसले. मी गाडी सुरू केल्यावर ते इंग्रजीत बोलले, मला कळावं म्हणून. "मंजिरी, तू साक्षीदार आहेस. बगदादला त्या वेळी साक्षीदार फितवले ते निदान जिंकायला फितवले. यानं मला भीक घातली." रहाळकर काहीतरी बोलायला वळले. उस्ताद म्हणाले, "खलास," आणि डोळे मिटून घेतले.

बिल्डिंगच्या जिन्यात मी रहाळकरांना फैलावर घेतलं. "काय हो काका, ही नसती उठाठेव कोणी सांगितली होती? आणि वर हापूस?" ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे. म्हणाले, "तो हं म्हणायला लागला होता गं. मला वाटलं, एकदा जिंकू दे. कुठेतरी जिंकू दे." आणि मग लिफ्टचं बटण दाबून लिफ्टची वाट बघत उभे राहिले.

सुरुवातीला म्हटलं ते स्वस्थ बसणं यानंतरचं. पुढचे कित्येक महिने दोन वाजता रहाळकर आपल्या खुर्चीत बसून असायचे, हात मांडीवर, समोर भिंत. पलीकडे उस्ताद. मधे फॅक्स मशीन. शैलाताई मला विचारायच्या, "ऑफिसात काही झालंय का गं? हल्ली हे टेबलाशी बसून जेवतात." मला रडूच आलं. उस्तादांच्या बहिणीचा एव्हाना पत्ता लागला होता, ती सुखरूप अम्मानला पोचली होती. हेही रहाळकरांना माझ्याकडून कळलं. ते "हं" म्हणाले.

हिवाळ्यात उस्तादांनी नोकरी सोडली. बहिणीकडे अम्मानला जाणार होते, कायमचे. शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्यांनी निरोप घेतला. रहाळकरांच्या टेबलाशी आले आणि थांबले. रहाळकर उठून उभे राहिले.

उस्ताद म्हणाले, "बोल. माझी बाजू."

रहाळकर अरबीत बोलले, सावकाश, त्यामुळे मला बरंचसं कळलं आणि उरलेलं त्यांनी मला नंतर सांगितलं. "तुमचं म्हणणं असं. तुमचं गाव गेलं, घर गेलं. हातात एकच गोष्ट खरी उरली होती, आपलं हे भांडण. त्यात तुम्ही हरलात तरी खरे हरत होतात. मी ते खोटं केलं. आणि ते मी तुमच्यासाठी केलंच नाही. तुमचं गप्प बसणं मला सोसत नव्हतं, म्हणून माझ्यासाठी केलं."

उस्तादांनी चष्मा काढला. "हो," ते म्हणाले. "हेच माझं म्हणणं. आता तुझी बाजू."

"मला बाजू नाही, उस्ताद."

"ला!" उस्तादांचं बोट वर गेलं. "कुफ्याला बाजू नाही? बाजू नसलेल्या माणसाशी मी दहा वर्षं भांडलो? शोध. सापडली की फोन कर." आणि स्वेटर सारखा करत ते दारातून बाहेर पडले. रहाळकर उभेच होते. मग ते टेबलाभोवती एक फेरी मारून आले. मग दुसरी.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दुबई सोडली. माझ्या मुलांच्या शाळा, सासूबाईंची तब्येत, आमच्याकडे शेवटी पहिल्या हाकेनं बाजी मारली. सगळ्यांचा निरोप आदल्या दिवशीच झाला होता. रहाळकर तेव्हा भाजी आणायला म्हणून गेले ते उगवलेच नाहीत, आणि मी मनातून खट्टू झाले होते. दुपारी सामान भरून टॅक्सी कोपऱ्यावर सिग्नलला थांबली. आणि तिथल्या काचेच्या फोन बूथमध्ये रहाळकर!

त्या उन्हात बूथची भट्टी झालेली. शर्ट पाठीला चिकटलेला. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातानं ते हवेत काहीतरी ठोकून सांगत होते, आणि हातभर जागेत येरझाऱ्या घालू बघत होते. टाचा वर, खाली, वर. बाहेर सावलीत शैलाताई भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या. मी काच खाली केली. "काय हो शैलाताई, अम्मान का?"

"कालपण अम्मान, आजपण अम्मान! भाजी आणायला येतात आणि इथेच घुसतात. कार्ड संपलं की दुकानातून दुसरं."

"काय बोलतायत?"

"मला मेलीला काय कळतंय? पण मघापासून 'ला, ला' चाललंय," शैलाताईंनी पदरानं घाम पुसला, आणि हसल्या. "दोन्हीकडून गं. रिसीव्हरमधून इथपर्यंत ऐकू येतंय."

तेवढ्यात रहाळकरांनी मला बघितलं. त्यांनी हात जोरात हलवला, पण बोलणं थांबवलं नाही. सिग्नल सुटला.